हमालाला मिळालं ते रायडरला का नाही?

२०२५ संपता संपता डिलिव्हरी रायडरांनी दोनदा संपाची हाक दिली, एकदा नाताळला आणि एकदा थर्टी फर्स्टला. बिर्याण्या आणि केक त्या रात्रीही बहुतेकांच्या दारात पोचले, पण वाद मात्र पेटला. जानेवारीचा पहिला पंधरवडा टीव्हीवर, एक्सवर, व्हॉट्सॲपच्या गटांवर एकच रणधुमाळी होती. एक बाजू म्हणत होती, हे लोक आपल्या मर्जीचे मालक आहेत. हवं तेव्हा लॉगिन करतात, नको तेव्हा फोन खिशात टाकतात. कुणी जबरदस्ती केली आहे का? दुसरी बाजू म्हणत होती, ही सरळसरळ नोकरी आहे, तेव्हा त्यांना कंपनीचे कर्मचारी करा आणि पीएफ, ग्रॅच्युइटी सगळं द्या. मग केंद्रीय कामगार मंत्रालयाने कंपन्यांना बोलावलं, ‘दहा मिनिटांत’ ही जाहिरात मागे घेण्यात आली आणि वाद जणू मिटला. जाहिरातीतला शब्द गेला, रायडरच्या हिशेबाला कुणी हात लावला नाही.

या सगळ्यात सर्वांत जास्त खटकलं ते मराठी माणसांचं बोलणं. लंडनच्या कोर्टाचे दाखले देणारे सापडले, कॅलिफोर्नियातल्या ॲपचालकांबाबतच्या जनमताचे दाखले देणारे सापडले. पण ज्याला एकच मालक नाही, जो दिवसाला दहा जणांचं काम करतो आणि दहाहीजण ‘हा माझा माणूस नाही’ म्हणतात, अशा कामगाराचं काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्राने १९६९ साली हमालांसाठीच्या माथाडी कायद्याने दिलं होतं, याची आठवण फार थोड्यांना झाली. माझं म्हणणं सरळ आहे. रायडर नोकर की भागीदार, हा वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालेल तर चालू द्यावा. तोवर प्रत्येक ऑर्डरमागे मजुरीच्या ठरावीक टक्के लेव्ही कंपनीकडून वसूल करून ती त्या-त्या रायडरच्या नावावर जमा करणारं त्रिपक्षीय मंडळ महाराष्ट्राने उभं करावं. म्हणजेच माथाडी मंडळ.

माथाडी कायद्याआधीची मुंबई डोळ्यांसमोर आणावी लागेल. दाणाबंदर, मशीद बंदर, रेल्वेचे मालधक्के. साताऱ्या-सांगलीच्या डोंगराळ भागातून, जुन्नर-आंबेगावातून आलेले गडी पाठीवर क्विंटलभराची पोती वाहायचे. सकाळी एका व्यापाऱ्याचा ट्रक खाली करायचा, दुपारी दुसऱ्याचा भरायचा. मजुरी पोत्यावर आणि टोळीवर. पाठ मोडली, हात पोत्याखाली सापडला, तर विचारणार कोणाला? व्यापारी म्हणणार, मी टोळीला पैसे दिले. मुकादम म्हणणार, मी तर मधला माणूस. मालक-नोकर असं नातं कागदावर कुठेच नव्हतं, त्यामुळे कामगार कायदे होते तरी हमालाला त्यांचा उपयोग नव्हता. अण्णासाहेब पाटलांनी या माणसांची युनियन बांधली, पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत उभी राहिली, आणि त्या रेट्यातून जो कायदा आला त्याची करामत अशी की त्याने मालक कोण हे शोधण्यात वेळच घालवला नाही. काम करून घेणाऱ्याने मंडळाकडे नोंद करायची, मजुरी मंडळात भरायची आणि वर लेव्ही भरायची. मजुरी हमालाला मिळते आणि लेव्हीतून त्याचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, पगारी रजा, दवाखाना हे सगळं चालतं. व्यापारी दहा असोत की पन्नास, खातं एकच. मंडळावर कामगार, मालक आणि सरकार असे तिघांचे प्रतिनिधी. लेव्हीचा दर मंडळागणिक वेगळा असतो आणि काही मंडळांत तो मजुरीच्या तीस टक्क्यांच्याही वर जातो. एवढं असूनही मुंबईचा किराणा बाजार बसला नाही. तो वाशीला गेला, ते शहराच्या गर्दीमुळे आणि जागेपायी.

आता कंपन्यांच्या बाजूचा सर्वांत दमदार मुद्दा घेऊ, कारण तो दमदार आहेच. संपानंतर झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी आकडे जाहीर केले. त्यानुसार २०२५ मध्ये त्यांच्याकडच्या रायडरची सरासरी कमाई, टिप सोडून, तासाला १०२ रुपये होती, सरासरी रायडरने वर्षात ३८ दिवस काम केलं, आणि २५० पेक्षा जास्त दिवस काम करणारे फक्त २.३ टक्के होते. निष्कर्ष उघड होता, की ही नोकरी नव्हेच, हा जोडधंदा आहे. कॉलेजचा मुलगा, पेरणी आटोपून शहरात आलेला शेतकरी, दोन नोकऱ्यांच्या मधला माणूस, अशांना यामुळे आधार मिळतो. त्यांना ‘आठ तास, सहा दिवस’च्या चौकटीत कोंबलं तर पहिले तेच बाहेर फेकले जातील. हे खोटं नाही. रायडरांशी बोललं तर लॉगिनच्या स्वातंत्र्याबद्दल ते स्वतःहूनच बोलतात, आणि डाव्या मित्रांनी ‘ही भूल आहे’ म्हणून ते झटकून टाकू नये.

पण सरासरी ही फसवी गोष्ट असते. समजा शंभर जणांनी नाव नोंदवलं. त्यातल्या दोघांनी ३०० दिवस काम केलं, पंधरा जणांनी १२० दिवस, आणि उरलेले त्र्याऐंशी जण सरासरी सतरा दिवस करून निघून गेले. सरासरी जवळपास ३८ येते. पण कामाचे एकूण दिवस मोजले तर साठ टक्क्यांहून जास्त दिवस त्या सतरा जणांनीच भरलेले असतात. म्हणजे ‘सरासरी रायडर’ हौशी असला तरी आज रात्री तुमच्या दारात येणारा बहुधा हौशी नसतो. हे माझं काल्पनिक गणित आहे, कंपनीचं नव्हे. खरी विभागणी कंपनीकडेच आहे. शिवाय एका ॲपवर १२० दिवस दिसणारा माणूस उरलेले दिवस दुसऱ्या ॲपवर असतो, दुपारी किराणा आणि रात्री जेवण पोचवतो. एका कंपनीच्या आकड्यात तो कसा दिसणार?

आणि समजा, गोयल यांचा आकडा जसाच्या तसा खरा मानला. मग तर तो माझ्याच बाजूने साक्ष देतो. वर्षाला ३८ दिवस इथे, ६० दिवस तिथे, ४० दिवस तिसरीकडे असं काम करणाऱ्याला नेमकी कशाची गरज असते? कुठल्याही एका कंपनीच्या मर्जीवर नसलेल्या, त्याच्यासोबत फिरणाऱ्या खात्याची. हमालाची अडचण हीच होती. तो कुणाहीकडे पुरेसे दिवस नव्हता, म्हणून कुणाच्याच वहीत नव्हता. कंपन्या अपघात विमा देतात, काही बऱ्यापैकी देतात, ही गोष्ट मान्य. पण आयडी ब्लॉक झाला की विमाही जातो, आणि आयडी का ब्लॉक झाला हे विचारायला समोर माणूस नसतो, चॅटबॉट असतो.

दुसऱ्या बाजूचाही उत्तम मुद्दा टाळता येणार नाही. कर्मचारी दर्जा मागणाऱ्यांचं म्हणणं असं की, कुठलं काम कुणाला द्यायचं, दर काय, रस्ता कोणता, शिक्षा काय हे सगळं ॲप ठरवतं. मग त्याला मालक नाही तर काय म्हणायचं? ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या खटल्यात याच तर्काने चालकांच्या बाजूने निकाल दिला. स्पेनने त्याच वर्षी रायडरांना कर्मचारी मानणारा कायदा केला. तर्काला तोड नाही. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर होता, तो दर सकाळी फाटकावर कुणाला आत घ्यायचं हे ठरवायचा, आणि आत जायचं तर त्याचे हात ओले करावे लागत. ॲप दस्तुरी घेत नाही, एवढा फरक सोडला तर फाटक तेच आहे.

पण स्पेनचं पुढे काय झालं हेही पाहावं. कायद्याच्या तोंडावर डिलिव्हरू ही कंपनी देश सोडून गेली. ग्लोवो या दुसऱ्या कंपनीने दंड सोसला, पण जुनीच पद्धत रेटली आणि २०२४ च्या अखेरीस कुठे ती बदलण्याची घोषणा केली. तिथे कामगार निरीक्षक आहेत, कोर्टं वेळेत निकाल देतात, तरी तीन वर्षं गेली. आपल्याकडे ‘कर्मचारी करा’ असा आदेश निघाला तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको, पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यांत जाऊन आलं तरी पुरे. देशातल्या संघटित कारखान्यांतले चाळीस टक्क्यांहून जास्त कामगार आज कंत्राटदाराच्या नावावर आहेत. कागदोपत्री त्यांना सगळे कायदे लागू आहेत. रायडरही उद्या कंपनीचा नव्हे, कुणा ‘मनुष्यबळ पुरवठा’ एजन्सीचा कर्मचारी होईल, अकरा महिन्यांनी एजन्सी बदलेल आणि ग्रॅच्युइटीचं घड्याळ पुन्हा शून्यावर येईल. खुद्द राज्य सरकारने एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर काढला होता आणि ओरड झाल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये तो मागे घेतला. जे सरकार स्वतःच्या कार्यालयात कायम जागा भरायला बिचकतं, ते खासगी कंपनीला लाखो माणसं कायम करायला लावेल? मला नाही वाटत.

लेव्हीला विरोध होईल तो किमतीच्या नावाने. ग्राहक पळतील, ऑर्डरी घटतील, शेवटी रायडरचंच नुकसान, असं सांगितलं जाईल. हा युक्तिवाद दीडशे वर्षं जुना आहे. १८८१ चा फॅक्टरी कायदा येत होता तेव्हा गिरणीमालकच नव्हे, अनेक राष्ट्रीय वृत्तीची पत्रंही म्हणत होती की हा मँचेस्टरच्या इंग्रज गिरणीवाल्यांचा डाव आहे, यात मुंबईची गिरणी मरेल. मँचेस्टरचा स्वार्थ होता हे खरंच. पण त्यामुळे दिवे लागेपर्यंत राबणाऱ्या मुलांचा थकवा खोटा ठरत नव्हता. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, कामावर जायबंदी झाल्यास भरपाई. आज वाचताना वाटतं, एवढ्यासाठी भांडावं लागलं? १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली. गिरण्या बंद पडल्या नाहीत, उलट वाढल्या. मुंबईची गिरणी पुढे नव्वद वर्षांनी मोडली, त्याची कारणं जुनी यंत्रं, १९८२ चा संप आणि जमिनीचे भाव यांत शोधावी लागतात. रविवारच्या सुट्टीत ती सापडणार नाहीत.

आणि इतक्या मागे कशाला जायचं? ऑगस्ट २०२३ मध्ये झोमॅटोने प्रत्येक ऑर्डरमागे दोन रुपये प्लॅटफॉर्म फी सुरू केली. सप्टेंबर २०२५ मध्ये ती बारा रुपये झाली. दोन वर्षांत सहापट. तेव्हा ग्राहक पळाले का? मग एका फेरीला चाळीस रुपये मजुरी धरली तर दहा टक्के लेव्हीचे चार रुपये होतात. बारा रुपये कंपनीसाठी चालतात आणि चार रुपये रायडरच्या म्हातारपणासाठी निघाले की अर्थव्यवस्था कोसळते, हे अर्थशास्त्र मला कळलेलं नाही.

खरा पेच पुढे आहे. कुणी म्हणेल, केंद्राने हे केलंच आहे की. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिच्यात गिग कामगारांचा, म्हणजे रायडरसारख्या सुट्या कामावर जगणाऱ्यांचा, उल्लेख आहे. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांहून जास्त नाही, इतकं निधीत द्यायचं आहे. राजस्थानने २०२३ मध्ये, कर्नाटकाने २०२५ मध्ये स्वतंत्र कायदे केले. कर्नाटकात प्रत्येक व्यवहारावर कामगाराच्या मोबदल्याच्या एक ते पाच टक्के कल्याण शुल्क आहे आणि कामगाराचं काम बंद करायचं तर कंपनीने चौदा दिवसांची नोटीस देऊन कारण लेखी सांगायचं आहे. ही पावलं चांगली आहेत आणि महाराष्ट्र यात मागे राहिला, याची लाज वाटायला हवी. पण ‘निधी’ म्हटलं की मला बांधकाम कामगार आठवतो.

१९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर एक टक्का सेस बसला. हजारो कोटी जमले आणि देशभर वर्षानुवर्षं पडून राहिले. आपल्या राज्यात त्या पैशातून कामगारांना काय दिसलं? भांड्यांचा संच. पातेली, ताटं, कुकर. निवडणुकीच्या हंगामात त्या वाटपाला कशी गर्दी व्हायची ते गावोगावच्या लोकांनी पाहिलं आहे. भांडी वाईट नसतात, पण ज्याचा पाय स्लॅबवरून घसरला त्याला कुकरचा काय उपयोग? हे का झालं? कारण तो पैसा कुणाच्याच नावावर नव्हता. इमारतीवर सेस बसला, तिजोरीत गेला, आणि कुठल्या गवंड्याच्या घामाचे त्यातले किती हे कुठेच लिहिलेलं नाही. ज्या पैशाला धनी नसतो त्याचं वाटप मंत्री करतो. घरकामगारांसाठी २००८ मध्ये कायदा झाला, मंडळ झालं, पण काम करून घेणाऱ्या घरांकडून महिन्याच्या महिन्याला वसुली करणारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे ते सरकारी अनुदानाच्या तोंडाकडे बघत राहिलं. माथाडीची लेव्ही वेगळी आहे ती इथे. ती मजुरीला चिकटलेली असते आणि मजुरी माणसाला. हमाल उठून विचारू शकतो, माझे किती जमले? म्हणून रायडरसाठी केंद्राचा एकगठ्ठा निधी पुरेसा नाही. प्रत्येक ऑर्डरमागची लेव्ही त्याच्याच खात्यात दिसायला हवी, ती त्याच्या फोनवर दिसू शकते, आणि तेही तांत्रिकदृष्ट्या हमालाच्या वहीपेक्षा कितीतरी सोपं आहे. कुठल्या मिनिटाला रायडर कुठल्या चौकात होता हे ज्यांना माहीत असतं त्यांना चार रुपयांचा हिशेब अवघड जाऊ नये.

माथाडीचं नाव काढलं की उद्योजकांच्या कपाळावर आठ्या पडतात, आणि त्या विनाकारण नाहीत. चाकण, रांजणगाव पट्ट्यात माथाडीच्या नावाने खंडणी उकळणाऱ्या टोळ्या झाल्या. काम यंत्राने झालं तरी ‘वाराई’, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची हमाली, मोजा, नाहीतर ट्रक आत येणार नाही, असा धाक चालला. बोगस माथाडींविरुद्ध सरकारला कायद्यात बदल करायला निघावं लागलं. शिवाय टोळीत नंबर लागला की तो घरात वारशासारखा चालतो आणि नवा गरजू बाहेर राहतो, ही तक्रारही खरी आहे. या दोन्ही दुखण्यांचं मूळ मात्र फाटकात आहे. माल आत जाण्याचा रस्ता एकच असतो आणि तो अडवता येतो, म्हणून खंडणी चालते. जागा मोजक्या असतात, म्हणून नंबर विकले जातात. ॲपच्या लेव्हीत अडवायला फाटक नाही, नोंदणीला मर्यादा नको, आणि पैसा थेट खात्यात जातो. कायद्यातला गाभा घ्यायचा, त्याभोवती वाढलेली बांडगुळं घेण्याची सक्ती कुणी केली आहे?

नियम लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र सांभाळायला हवी. केंद्राने डिसेंबर २०२५ च्या अखेरीस जो मसुदा काढला त्यात लाभ मिळवायला वर्षात एका कंपनीकडे ९० दिवस, किंवा अनेक कंपन्या मिळून १२० दिवस काम अशी अट होती. झोमॅटोचा स्वतःचा आकडा आठवा, सरासरी ३८ दिवस. म्हणजे ज्यांच्या नावाने कायदा, त्यांतले बहुतेक जण दारातच अडणार. गिरणीतल्या बदली कामगाराला हा खेळ चांगला माहीत होता. दिवस भरत आले की काम मिळायचं नाही. दिवसांची अट असेल तर ॲपला काही बोलावंही लागणार नाही, ऑर्डर फक्त दुसऱ्याच्या फोनवर वाजेल. खातं पहिल्या ऑर्डरलाच उघडावं, दिवस मोजायचेच नाहीत.

दराचा प्रश्न याहून कठीण आहे आणि लेव्हीने तो सुटत नाही. माथाडी मंडळात पोत्याचा दर वाटाघाटीने ठरतो. ॲपचा दर रात्री झोपताना एक असतो, सकाळी उठल्यावर दुसरा. किलोमीटरमागे किमान किती, हॉटेलबाहेर वीस मिनिटं ताटकळल्याचे किती, पावसात किती, इन्सेंटिव्हची पायरी बदलायची तर किती दिवस आधी सांगायचं, एवढं तरी मंडळाच्या टेबलावर यावं. आणि त्या टेबलावर रायडरांतर्फे बसणार कोण? १९६९ मध्ये युनियन आधी होती, कायदा मागून आला. हमाल एका बाजारात, एका धक्क्यावर, एका टोळीत असायचे, संध्याकाळी सभा लावता यायची. रायडर एकमेकांना ओळखतही नाहीत. डार्क स्टोअरच्या, म्हणजे ॲपच्या गोदामाच्या, बाहेर दहा मिनिटं भेटतात आणि पांगतात, आणि पुढारीपण करणाऱ्याचा आयडी सर्वांत आधी जाऊ शकतो. सरकारने स्वतःच प्रतिनिधी नेमले तर ते मंत्र्यांचे कार्यकर्ते असतील, हे बांधकाम मंडळाकडे पाहून सांगता येतं. निवडणूक घ्यावी लागेल, तीही ॲपवरच, गुप्त मतदानाने. कंपन्यांना मतदारयादी द्यावी लागेल, आणि पहिला खटला बहुधा त्या यादीवरूनच होईल.